मनोरुग्णांची कैवारी : डोरोथिया डिक्स



राजांच्या लढाया आणि तहांच्या सनावळ्या आपली मुले तोंडपाठ करतात. परंतु तलवार न उचलता ज्यांनी दुःखितांच्या बेड्या तोडल्या, त्यांची नावे त्यांना क्वचितच ठाऊक असतात. अमेरिकेतील डोरोथिया डिक्स हे असेच एक नाव होय.

१८०२ साली जन्मलेल्या डिक्सबाई पेशाने शिक्षिका. मार्च १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना रविवारचा धर्मपाठ देण्यासाठी त्या गेल्या. तेथे गुन्हेगारांबरोबर मनोरुग्ण स्त्रियाही कोंडलेल्या आढळल्या. त्यांचा अपराध एकच, त्या आजारी होत्या. कडाक्याच्या थंडीतही त्यांच्या कोठडीत शेगडी नव्हती. वेड्यांना थंडी कळत नाही, असा त्या काळी समज होता! बाईंनी न्यायालयाकडे दाद मागितली आणि त्या कोठडीला ऊब मिळाली.

दुसरे कोणी एवढ्यावर समाधान मानले असते. बाईंनी मात्र वही घेऊन राज्यभरातील तुरुंग आणि अनाथ-गरिबांची आश्रयगृहे पालथी घातली. कोणी पिंजऱ्यात, कोणी तळघरात, कोणी साखळीला जखडलेले. गावाच्या नावानिशी त्यांनी सारे टिपून ठेवले. जानेवारी १८४३ मध्ये हे निवेदन विधिमंडळापुढे आले. स्त्रियांना तेव्हा मताचाही अधिकार नव्हता, म्हणून डॉ. सॅम्युअल हाउ या सदस्यांनी ते मांडले. काहींनी अतिशयोक्तीचा आरोप केला, पण वहीतल्या नोंदी बोलक्या होत्या. अखेर वूस्टर येथील मनोरुग्णालयाच्या विस्ताराला मंजुरी मिळाली.

पुढे बाई राज्याराज्यांतून फिरल्या. त्यांच्या खटपटीने ३० हून अधिक रुग्णालये उभी राहिली किंवा वाढली. मनोरुग्णांसाठी सरकारी जमीन देण्याचे त्यांचे विधेयक काँग्रेसने संमत केले. पण १८५४ साली राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी ते नाकारले. तरीही बाई थांबल्या नाहीत. १८८७ साली ट्रेंटन येथे, त्यांच्याच प्रयत्नांनी उभ्या राहिलेल्या रुग्णालयात, त्यांनी देह ठेवला.

हा इतिहास आपल्या मुलांना का सांगायचा? कैरो येथे १२८४ साली उभारलेल्या मन्सूरी रुग्णालयात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु साखळदंड आपल्या देशातही होतेच. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. पण कायदा घराच्या दाराशी थांबतो. आतली लाज आपणच दूर करायची असते.

म्हणून पालकहो, घरात कोणी असे आजारी असेल तर त्याला लपवू नका. दुआ अवश्य करा, पण डॉक्टरांकडेही न्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, रस्त्यात असा माणूस दिसला तर त्याच्यामागे दगड घेऊन धावू नका. अन्याय दिसला तर नीट पाहा, लिहून काढा आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्यापुढे ठेवा. डिक्सबाईंपाशी दुसरे कोणते शस्त्र होते? एक वही आणि दुसऱ्याची थंडी जाणणारे मन. एवढी तालीम आपल्या शाळांतून मिळाली, तर इल्मचे चीज झाले असे म्हणता येईल.