‘चिनी’ या शब्दाविषयी थोडेसे

नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनी उत्खनन केले. अशा जुन्या वसाहतींच्या वरच्या, मध्ययुगीन थरांत रंगीत झिलईचे एखादे खापर सापडले, की त्यास ‘चिनी’ म्हणून मोकळे होण्याची प्रवृत्ती आढळते. हा दोष खापराचा नसून शब्दाचा होय.

चीनमधील बहुरंगी झिलईची भांडी प्रसिद्ध आहेत ती तांग राजवटीतील (इ. स. ६१८-९०७). त्यांस तिकडे ‘सान्त्साय’, म्हणजे ‘तीन रंग’, असे म्हणतात. परंतु संख्येचा आग्रह तेथेही फारसा पाळलेला दिसत नाही. शिशाच्या झिलईत तांबे मिसळले की हिरवा, लोह मिसळले की पिवळा व पिंगट, आणि क्वचित कोबाल्टने निळा रंग येतो. भट्टीत ही झिलई ओघळून रंग एकमेकांत मिसळतात. तेच तिचे सौंदर्य. असे घोडे, उंट व भांडी सरदारांच्या थडग्यांत ठेवीत.

फारसीत मात्र ‘चीनी’ हे नाव मुख्यतः निराळ्याच वस्तूचे होते: सुमारे १३०० अंश उष्णतेत भाजलेल्या, शुभ्र व कठीण पात्राचे. मराठी ‘चिनी माती’ त्याचीच वारस. पुढे चकाकणाऱ्या कोणत्याही पृष्ठभागास हे विशेषण लागू लागले. गोवळकोंडा पडल्यावर (१६८७) औरंगजेबाने अबुल हसन कुतुबशहास दौलताबादच्या ज्या चिनी महालात कैदेत ठेवले, त्याचे नाव तेथील झिलईदार फरशांवरून पडले. त्या फरशांची परंपरा इराणी आहे. आग्र्याच्या ‘चीनी का रौझा’चीही तीच कथा. गंमत अशी, की इराणात अशा फरशीस काशान शहरावरून ‘काशी’ म्हणतात. तो शब्द मराठीत रुळता, तर आपल्या वाचकाने तिचे मूळ गंगातीरी शोधले असते!

लोणच्याच्या बरणीसही आपण चिनी मातीचीच म्हणतो. तिचा वरचा तपकिरी रंग लोहाचाच. पण शिशाची झिलई आंबटात विरघळते, म्हणून सान्त्सायच्या जातीच्या भांड्यात लोणचे घालणे विषाला निमंत्रण ठरले असते.

तांब्याचा हिरवा रंग चीन, इराण व हिंदुस्थान येथे सारखाच उतरतो. तेव्हा नाशिकच्या खापरावरून चीनशी व्यापाराचा पुरावा मांडण्यापूर्वी झिलई बाजूस ठेवून फुटलेल्या कडेतील माती पाहावी.