सही कधी करायची?

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास शल्यविशारदांच्या नावांनी सांगितला जातो. मला तो रुग्णाच्या सहीच्या अंगाने वाचावासा वाटतो.

१८९४ साली बाल्टिमोरच्या विल्यम हॅलस्टेड यांनी ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी एकत्रच काढायच्या, ही त्यांची पद्धत. पुढे जवळपास पाऊणशे वर्षे अमेरिकेत तोच शिरस्ता राहिला. तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलीत उरकत. गाठीचा तुकडा गोठवून पाहायचा, कर्करोग दिसला की लगेच स्तन काढायचा. बाईची सही आधीच झालेली असे. काय झाले, ते तिला शुद्धीवर आल्यावर कळे.

१९७४ मध्ये पत्रकार रोझ कुशनर यांनी हे नाकारले. आधी तपासणी, निर्णय नंतर, एवढेच त्यांचे म्हणणे. अखेर त्यांनी स्तन काढून घेतला, पण विचार करून आणि छातीचे स्नायू राखून. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने हे दोन टप्पे वेगळे करण्याची शिफारस केली. त्या मंडळात कुशनरही होत्या.

१९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीने दाखवले, की सुरुवातीच्या अवस्थेत गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात. २० वर्षांनंतरही हिशेब तोच राहिला.

आजही कुणी पुन्हा रोग होण्याच्या धास्तीने, कुणी किरणोपचाराचे केंद्र लांब म्हणून पूर्ण स्तन काढून घेते. त्या निवडीला मी मागासलेपण म्हणणार नाही. कुशनर यांचा आग्रह स्तन वाचवण्याचा नव्हताच. सहीपूर्वी विचाराला वेळ मिळावा, एवढाच होता.