आवळायचं किती?

पाण्याने गार होणारी मोटरसायकल होज क्लिपपेक्षा जुनी आहे, असं मी काउंटरवर सांगितलं तर समोरची निम्मी पोरं हसतील. त्यांच्या लेखी रेडिएटरची बाइक म्हणजे ड्यूक, आर वन फाइव्ह, फार तर पल्सर एनएस. पण इंग्लंडात यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्ड शहरात आल्फ्रेड स्कॉट याने १९०८ साली कंपनी काढली ती टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरच्या आणि पाण्यावर गार होणाऱ्या गाड्यांची. १९१२ आणि १९१३ अशी सलग दोन वर्षं आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत स्कॉट गाड्यांनी मारली. आज आपण ज्या पेचाच्या क्लिपने रेडिएटरचा होज बसवतो, तिचं पेटंट मात्र १९२१ सालचं आहे.

क्लिप नव्हती तेव्हा लोक होजवर तार गुंडाळून पीळ देत, नाहीतर पत्र्याची पट्टी घालून तिच्या कानांतून बोल्ट आवळत. स्कॉटच्या गाडीला तेवढं पुरण्यासारखं होतं, कारण तिच्यात पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर रेडिएटरमध्ये चढायचं, निवलं की खाली उतरायचं. पाइप जाड आणि दाब नावापुरता. दाब नसला की साधा पीळही पाणी धरून ठेवतो. दाब आला की दोन्ही उपायांची खोट दिसते. तार एकाच रेषेत रबरात रुतते. बोल्टच्या पट्टीखाली, दोन कानांच्या मध्ये, रबर दाबलंच जात नाही आणि पाणी नेमकी तीच जागा शोधतं.

ही खोट काढली रॉयल नेव्हीतल्या लमली रॉबिन्सन नावाच्या कमांडरने. केंट परगण्यात, चॅटमच्या आरमारी गोदीला लागून असलेल्या जिलिंगममध्ये त्याची कंपनी उभी राहिली. तिची जुबिली क्लिप आजही मिळते. युक्ती अशी, की पट्टीवर आटे आणि त्यांच्यात फिरणारा आडवा पेच. पेच फिरवला की पट्टी सरकते, पण पट्टीने कितीही ओढलं तरी पेच उलटा फिरत नाही. त्यामुळे वेगळा नट नको, लॉक वॉशर नको आणि एकाच क्लिपमध्ये लहानमोठे पाइप बसतात. शिवाय जुबिलीच्या पट्टीवरचे आटे आरपार कापलेले नसतात, नुसते दाबून उठवलेले असतात. आतली बाजू गुळगुळीत राहते. रॉबिन्सन १९३९ साली वारला आणि धंदा त्याच्या बायकोने, एमिलीने, पुढे नेला.

ही क्लिप आमच्या नाना पेठेतल्या दुकानात होती, पण मोटरसायकलवाल्यांसाठी नव्हती. वडील जावा, येझदी, राजदूत आणि बुलेटचे पार्ट विकायचे. सगळ्या हवेवर गार होणाऱ्या. त्यांच्या गिऱ्हाइकाला रेडिएटर म्हणजे ट्रकच्या तोंडाशी असतो तो. क्लिपांचा डबा उघडायचा तो जीप, ट्रॅक्टर आणि पाण्याच्या पंपांच्या मिस्त्रींसाठी.

खेड्यातून येणारे शेतकरी तर क्लिपसुद्धा घेत नसत. डिझेल इंजिनाच्या पंपावर पाइप चढवला की सायकलच्या ट्यूबची पट्टी कापायची, ताणून वेढे द्यायचे आणि शेवटचं टोक आत खोचायचं. शहरी फिटर त्याला अडाणीपणा म्हणायचे. मला तसं कधी वाटलं नाही. ताणलेलं रबर आक्रसायला बघतं, म्हणून पाइप थोडा बारीक झाला तरी वेढा त्याच्या मागे जातो. पेचाच्या क्लिपला हे जमत नाही. ती जिथे सोडली तिथेच राहते.

मोटरसायकलमध्ये पाणी मोठ्या प्रमाणावर परतलं ते इंजिनं जास्त तापायला लागली तेव्हा. सुझुकीची जीटी ७५० १९७१ सालची. ब्रिटनमध्ये लोकांनी तिचं नाव किटली पाडलं होतं. आपल्याकडे यामाहाची आर वन फाइव्ह २००८ साली आली आणि २०१२ मध्ये शेजारच्या चाकणहून ड्यूक २०० निघाली. दीडशे-दोनशे सीसीतून जास्त ताकद काढायची आणि धूरही कमी ठेवायचा, तर सिलिंडरचं तापमान आवाक्यात राहायला हवं. ते काम नुसत्या हवेवर गार होणाऱ्या सिलिंडरला जड जातं. २०१८ साली जावा पुन्हा बाजारात आली. टाकीचा घाट वडिलांच्या वेळचा, आणि पुढे रेडिएटर!

आता दाबाचं बघा. बहुतेक गाड्यांच्या रेडिएटर कॅपवर १.१ आकडा असतो. म्हणजे साधारण १.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब होईपर्यंत झाकण धरून ठेवतं, म्हणजे कूलंट उशिरा उकळतं. होज दर फेरीला तापून फुगतो आणि निवून आक्रसतो. काही वर्षांनी क्लिपखालचं रबर कायमचं चेपतं. मग थंडीच्या सकाळी खाली दोन थेंब दिसतात आणि गाडी तापली की गळती बंद. मालक म्हणतो क्लिप ढिली झाली. मिस्त्री ट्रकवर शिकलेल्या हाताने एक फेरा जास्त देतो. पट्टी रबरात उतरते आणि थेंबाची धार होते.

कारखान्यांनी हा प्रश्न सोडवला तो हातालाच बाजूला ठेवून. स्वित्झर्लंडमध्ये हान्स ओटिकर याने १९४२ साली सुरू केलेली कंपनी कानाच्या क्लिपसाठी प्रसिद्ध झाली. तो कान ठरलेल्या जोराच्या पकडीने चिमटला की काम संपलं. उघडायची तर क्लिप कापायची. दुसरी स्प्रिंगच्या पोलादाची. पक्कडीने तिची दोन टोकं दाबली की ती उघडते, सोडली की आवळते, आणि होज फुगो वा आक्रसो, त्याच्या मागे जाते. ट्यूबच्या पट्टीचंच हे शहाणपण. म्हणून कंपनीची स्प्रिंग क्लिप काढून मजबूत म्हणून पेचाची मागणाऱ्याला मी आधी विचारतो, की जुनी तुटली आहे का?

पण हायवेवर रात्री होज निघाला तर कानाची पकड कोणाजवळ असते? तिथे रॉबिन्सनचीच क्लिप कामाची, कारण ती साध्या स्क्रू ड्रायव्हरने बसते. फक्त नीट निवडावी. परवाच एक मुलगा म्हणाला, “काका, एक नंबर मोठी द्या, कशीही बसेल.” कशीही बसत नाही. नळीवर चढवलेल्या होजचा बाहेरचा व्यास मोजायचा आणि तो क्लिपच्या मापाच्या मध्यावर यायला हवा. बावीस मिलिमीटरला १६–२७ ची क्लिप घ्या. फार मोठी घेतली तर ती पूर्ण गोल होत नाही आणि शेपूट बाहेर राहून पँट फाडते. बाइकच्या होजला नऊ मिलिमीटर रुंदीची पट्टी पुरे. बारा मिलिमीटरची अनेकदा नळीच्या तोंडाच्या उंच कडेवर चढते. सिलिकॉनचा होज असेल तर आरपार खाचांची पट्टी नको, मऊ सिलिकॉन खाचांतून वर येऊन कापलं जातं. स्टीलवर लोहचुंबक लावून बघा. पेचाला चिकटला आणि पट्टीला नाही, तर पावसाळ्यात आधी पेच गंजणार.

बसवताना नळी पुसून कोरडी करायची. क्लिप आधीच होजवर ओवून ठेवायची. तिची जागा नळीच्या उंच कडेच्या आत, होजच्या टोकापासून थोडी मागे. पेचाचं तोंड असं ठेवा, की पुढच्या वेळी टाकी न काढता स्क्रू ड्रायव्हर पोचेल. रॅचेटला हात लावायचा नाही. पट्टीच्या दोन्ही कडांना रबर किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं. इंजिन एकदा तापवून पूर्ण निववा आणि मगच पुन्हा तपासा. तरीही थेंब आला तर माझ्याकडे क्लिप मागायला येऊ नका, नवा होज मागा. तो महाग आहे, पण चेपलेल्या रबराला कोणतीच क्लिप सरळ करत नाही.