सौंसरच्या चर्टमधील कवके

शेवाळींवर, म्हणजे हरिता, यकृतका अशा फुले-बिया नसलेल्या ठेंगण्या वनस्पतींवर, राहणाऱ्या सूक्ष्म कवकांचा स्वतंत्र अभ्यास युरोपात राकोविट्झा (१९५९) आणि पेटर ड्योब्बेलर (१९७८) यांच्या ग्रंथांमुळे भरीव झाला. नागपूरच्या आसपास कवके आणि शेवाळी हे दोन्ही जीवगट दगडात सापडले आहेत, आणि तिथल्या जीवाश्मांच्या शोधाचा इतिहास या ग्रंथांहून कितीतरी जुना आहे.

१८४५ मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना शहरालगतच्या टाकळी येथे गोड्या पाण्यातील शंख, फळे आणि बिया यांचे जीवाश्म मिळाले, आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात या परिसराच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे ज्वालामुखी अधूनमधून शांत होत, तेव्हा लाव्हाच्या सखल भागांत तळी साचत, काठी वनस्पती वाढत आणि नंतरचा लाव्हा त्या साऱ्यावर पसरे. या मधल्या गाळाला आंतरट्रॅपी थर म्हणतात. पाण्यातली सिलिका ऊतींत झिरपून घट्ट झाल्यामुळे तेथे चर्ट हा कठीण खडक बनला आणि वनस्पतींच्या पेशीभित्तीसुद्धा टिकल्या.

हे सूक्ष्म वैभव हिस्लॉप यांच्या हाती लागले नाही, कारण त्यासाठी चर्टचे पारदर्शक काप घासून काढावे लागतात, किंवा आम्लाने कोरलेल्या पृष्ठावरून पातळ पापुद्रा उचलावा लागतो. नागपूरच्या उत्तरेकडील सौंसरच्या चर्टमधून बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी १९४३ मध्ये जलनेचा अ‍ॅझोला याच्यासोबत पॅलिओसॉर्डारिया लॅजेना हे सुरईच्या आकाराचे फलपिंड असलेले कवक वर्णिले. नागपूरच्या जीवाश्म-वनस्पतिशास्त्राला घडवणाऱ्या शामला चितळे यांनी यावले यांच्यासह १९८० मध्ये मोहगाव कलान येथील नोटोथायलाइट्स निरुलाय हा बीजाणुधर, म्हणजे बीजाणू तयार करणारा अवयव, प्रसिद्ध केला. तो शृंगका या शेवाळींच्या तिसऱ्या गटातला मानला गेला.

ही दोन्ही वर्णने वेगवेगळ्या याद्यांत राहिली, ही खेदाची गोष्ट आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनीच्या चर्टमध्ये किडस्टन आणि लँग यांनी १९२१ मध्ये वनस्पतींच्या ऊतींतच कवके दाखवली होती, आणि आजच्या अनेक शृंगकांच्या शरीरातही कवके सहजीवी म्हणून राहतात. म्हणून सौंसर-मोहगावच्या चर्टचे जुने काप पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायला हवेत, आणि त्यांत शृंगकेची पेशीभित्ती ओलांडून गेलेला कवकतंतू शोधायला हवा.