अठरावे वर्ष आणि माहेर

परतवाड्याच्या माणसाला वझ्झर कोठे आहे हे सांगावयास नको. सातपुड्याच्या पायथ्याशी, सापनच्या धरणाजवळ असलेल्या या गावी शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस अपंग मुलांचे घर उभारले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्यांचे नाव सर्वदूर गेले. परंतु त्यांच्या गौरवाचे भाषण आम्हांला करावयाचे नाही. त्यांनी सरकारपुढे कित्येक वर्षे एक तक्रार मांडली आहे. ती अठरा या आकड्याविषयी आहे आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पुरी झाली की मूल मूल राहत नाही आणि बालगृहातली त्याची जागा संपते. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमात ही मर्यादा मुलग्याला सोळा व मुलीला अठरा अशी होती. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा केली. पण जे तान्हे मूल रेल्वेच्या फलाटावर सापडले, त्याचा जन्मदिवस कोणाला ठाऊक? शाळेचा दाखला नाही, नगरपालिकेत नोंद नाही, अशा वेळी डॉक्टरांनी हाडे तपासून वय ठरवावे असे कायदा सांगतो. म्हणजे अदमासाने ठरलेल्या तारखेला खऱ्याखुऱ्या माणसाने घर सोडावयाचे! आपल्या घरचा अठरा वर्षांचा मुलगा कॉलेजला निघाला तर आई त्याच्यामागे डबा घेऊन दारापर्यंत धावते.

असा कायदा नव्हता त्या काळी परक्याचे मूल वाढवणाऱ्यांनी काय केले? जोतीराव फुल्यांचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच गृहात १८७४ साली काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. तोच यशवंत. त्याला त्यांनी वैद्यकाचे शिक्षण दिले, १८८९ मध्ये ग्यानोबा ससाण्यांच्या मुलीशी त्याचे लग्न लावले. आणि त्याआधी १८८७ सालीच मृत्युपत्र करून आपली मिळकत त्याच्या नावे लिहून ठेवली. जोतीराव किती दूरचे पाहत होते, हे त्या मृत्युपत्रावरून कळते. आपण आहोत तोवर यशवंताला कोणी काही म्हणणार नाही, खरा प्रश्न आपल्या माघारी उभा राहील, हे त्यांनी ओळखले होते. तसेच झाले. १८९० मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी यशवंताच्या अधिकाराला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले. पुढे १८९७ च्या प्लेगात याच डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात त्या रोगी नेत होत्या. त्या साथीतच त्यांचा अंत झाला.

पंडिता रमाबाईंची रीत वेगळी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात फिरल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन केडगावला गेल्या. तेथे छापखाना, विणकाम, शेती अशी कामे मुलींच्या हाती आली. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी वाद झाले, ते येथे उकरण्याचे कारण नाही. आसरा सुटेल त्या दिवशी मुलीच्या हाताला धंदा असावा, हे त्यांनी जाणले होते एवढे खरे.

आजच्या कायद्यालाही हे अगदीच उमगलेले नाही असे नाही. २०१५ च्या अधिनियमात बालगृह सोडणाऱ्यास आर्थिक साहाय्य देता येईल असे कलम आहे. ‘देता येईल’ आणि ‘द्यावेच लागेल’ यांत किती अंतर असते, हे कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना सांगावयास नको. ही देखभाल एकविसाव्या वर्षापर्यंत चालते, अपवाद म्हणून तेविसापर्यंत. मिशन वात्सल्य योजनेत महिना ४००० रुपयांची तरतूद झाली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी नोकरी-शिक्षणात एक टक्का जागा राखल्या. इंग्लंडात मात्र घर सोडणाऱ्या अशा मुलांची जबाबदारी २००० च्या कायद्याने स्थानिक संस्थांच्या अंगावरच टाकली.

पण जे मूल आंधळे आहे, मुके आहे, ज्याला बुद्धीने कधीच अठरा वर्षांचे होता येणार नाही, त्याने कोठे जावे? शंकरबाबांचा प्रश्न हाच. अशा मुलांना जन्मभर राहू देणारा कायदा करा, ही त्यांची मागणी. कायदा होईपर्यंत ते थांबले मात्र नाहीत. परिटाच्या घरात जन्मलेल्या, गाडगेबाबांना मानणाऱ्या या माणसाने १२३ मुलांच्या कागदांवर बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. अठरा उलटली तरी ही मुले वझ्झरलाच राहिली. जळगाव स्थानकावर टाकलेली एक अंध मुलगी येथे वाढली, अमरावतीस शिकली आणि २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ही परीक्षा तिने अठराव्या वर्षी दिलेली नव्हती, हे ध्यानात घ्यावे. घर पाठीशी राहिले म्हणून ती पुढची वर्षे अभ्यास करू शकली.

वीसच्या वर लग्नेही येथून लागली. डिसेंबर २०२० मध्ये एका मूकबधिर मुलीचे कन्यादान नागपुरात तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी केले. वराचे वडील म्हणून जिल्हाधिकारी उभे राहिले. वर्तमानपत्रांना त्याचे अप्रूप वाटले आणि ते साहजिक आहे. आम्हांला मात्र लग्नानंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्या वऱ्हाडात लेक दिवाळीला येते, पहिल्या बाळंतपणाला येते, नवऱ्याशी भांडली तरी येते. तिच्यासाठी कोणी तरी दार उघडे ठेवलेले असते. सरकारी अनुरक्षणगृहाच्या नियमांत या दाराला जागा नाही. वझ्झरला ती आहे, कारण तेथे एक बाप बसला आहे.

त्या बापाने आता ऐंशी ओलांडली आहे. जोतीरावांपाशी लिहून ठेवण्यासाठी मिळकत होती. शंकरबाबांना लिहून ठेवावयाची आहेत ती माणसे, आणि ती कोणाच्या नावे लिहावीत याचे उत्तर ते अजून मागत आहेत.