७ डिसेंबर १८९२ : जिरो द प्रांजे यांचे निधन

कैरो, जेरुसलेम, दमास्कसच्या इस्लामी वास्तूंना सर्वप्रथम कॅमेऱ्यात आणणाऱ्यांपैकी एक, फ्रेंच चित्रकार जोसेफ-फिलिबेर जिरो द प्रांजे यांचे ७ डिसेंबर १८९२ रोजी निधन झाले. स्पेनमधील अल्हम्ब्रा राजवाड्याच्या कोरीवकामाची चित्रे काढून हात बसल्यावर १८४२ मध्ये ते कॅमेरा घेऊन पूर्वेकडे निघाले. तीन वर्षे फिरले. छायाचित्रणाचे डागेरोटाइप हे तंत्र तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे होते. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडिनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात घालायचा, मग पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटवायचे. हे सारे वाळवंटी उन्हात, धुळीत! मिनारांसाठी ते पत्र्याच्या उभ्या अरुंद पट्ट्या वापरत. कैरोतील खैरबक मशिदीच्या घुमटावर दगडात कोरलेली वेलबुट्टी आहे. अशा कामाचा बारकावा टिपायला डागेरोटाइपइतके नेमके साधन तेव्हा दुसरे नव्हते. परतताना त्यांच्याकडे ८०० हून अधिक डागेरोटाइप होते. दुर्दैव असे, की हयातीत त्यांनी ते कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. लाकडी पेट्यांत नीट नोंदी करून ठेवलेला हा ठेवा १९२० च्या दशकात त्यांच्या पडक्या घराच्या अडगळीत सापडला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१९ मध्ये त्यांतील निवडक छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले.