काठी पांढरी का झाली?

सरावलीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

एकुलत्या एक मुलाला आपण ‘आंधळ्याची काठी’ म्हणतो. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला माणसाचाच आधार, असं आपण धरून चालतो. तो माणूस कामावर गेला की बाई घरात बसून. बाजार सुटतो, गटाची बैठक सुटते. घरचे काळजीनेच म्हणतात, “रस्त्यावर एवढे टेम्पो, तू कुठे निघालीस?” म्हणून आज खऱ्या काठीची गोष्ट.

काठी जुनीच, पण ती पांढरी झाली मोटारींमुळे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाचे फोटोग्राफर होते. अपघातात त्यांची नजर गेली. घराजवळ मोटारींची वर्दळ वाढली, तेव्हा 1921 साली त्यांनी आपली काठी पांढरी रंगवली, चालकांना लांबून दिसावी म्हणून. 1931 साली पॅरिसमध्ये गिली देर्बमाँ या बाईंनी अशा काठ्या अंधांना देण्याची मोहीम उभी केली.

तोवर काठी समोरच्याला सांगायची, “थांब, मी येतेय.” धरणाऱ्याला वाट सांगायला ती शिकली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. नजर गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी छातीपर्यंत पोचणारी लांब, हलकी काठी आणली. ती पुढे धरून डावी-उजवीकडे फिरवायची. पुढचं पाऊल जिथे पडणार तिथे काठी आधी टेकते. खड्डा, पायरी, गटार हाताला आधीच कळतं.

आपल्या मुंबईत 1900 साली मिस मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली. तीच आजची मुलींची दादरची कमला मेहता अंधशाळा. 1952 साली मुंबईतच ‘नॅब’ ही संस्था उभी राहिली.

साध्या काठीला जमिनीवरचं कळतं, पण टेम्पोचा उघडा फाळका किंवा लोंबणारी फांदी कळत नाही. म्हणून आयआयटी दिल्लीने ‘स्मार्टकेन’ बनवली. 2014 साली ती बाजारात आली. वटवाघळासारखे आवाजाचे तरंग सोडून ती तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखते आणि मूठ थरथरते.

रस्ताही बोलतो. जपानमध्ये सेइची मियाके यांनी उंचवट्याच्या फरशा काढल्या. 1967 साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसल्या. लांब रेघा म्हणजे चाला, गोल ठिपके म्हणजे थांबा. रेल्वेच्या फलाटांवरच्या पिवळ्या फरशा त्याच. त्यांवर पाटी किंवा पोतं ठेवलं, की कोणाची तरी वाट बंद झाली.

मैत्रिणींनो, काठीने माणसाची जागा घेतली नाही. ती घराबाहेर निघायची मोकळीक देते. बाकीचं काम आपलं. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला असेल, तर केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून काठी मिळू शकते. गटातल्या बाईला कागद जमवायला मदत करा, शिबिराला सोबत जा. काठी मिळाली की ती चालवायला शिकवणारं माणूसही शोधा. आणि पांढरी काठी दिसली तर हात धरून ओढू नका. आधी विचारा, “ताई, सोबत येऊ का?”

15 ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस. त्या दिवशी गटाची बैठक अशा घरी घ्या, जिथली बाई बऱ्याच दिवसांत बैठकीला आलेली नाही. पुढच्या बैठकीला तिला चालत येऊ द्या.